आईच्या मांडीतली रेघ

आईच्या डाव्या खुब्याचे सांधेरोपण झाल्यानंतर काढलेला पहिला एक्स-रे गेला दीड वर्षाहून अधिक काळ आमच्या घरी गादीखाली, जुन्या चादरीच्या घडीत ठेवलेला आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाटातल्या फिल्मा एकमेकींना चिकटतात हे वडिलांच्या आजारपणात कळले होते, म्हणून ही व्यवस्था. त्या फिल्मवर, मांडीच्या हाडाच्या आतल्या कडेला, लहान उंचवट्याच्या खालून तिरकी उतरत गेलेली केसाएवढी एक रेघ दिसते. आमची ग्राहक आयोगातली तक्रार बऱ्याच अंशी या रेघेवर उभी आहे आणि ती रेघ नेमकी कशाची, यावर दोन अस्थिरोगतज्ज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.

आईचे वय शस्त्रक्रियेच्या वेळी ६९ होते. तिने तीस वर्षे पायमशिनवर शाळेचे गणवेश शिवले. सोलापुरात हा धंदा घरोघरी आहे. त्यातली शेवटची तेरा वर्षे तिने आमवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या. यांतले शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते हे मला फार उशिरा समजले. स्टिरॉइड दीर्घकाळ घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, आमवातानेही होतात, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे तशीही विरळ होत असतात. म्हणजे तिन्ही कारणे एकाच हाडात जमली होती. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातील एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कोणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. बिल दोन लाख पंच्याऐंशी हजार रुपये झाले.

खुबा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून काढतात, हाडाच्या पोकळीत धातूची दांडी, म्हणजे स्टेम, बसवतात आणि तिच्यावर नवा गोळा चढवतात. स्टेम बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत हाड आणि धातू यांच्यामध्ये सिमेंट भरतात; १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नले यांनी रुळवलेली पद्धत हीच. दुसऱ्या पद्धतीत सिमेंट नसते. हाड कानशीसारख्या हत्याराने कोरून त्यात स्टेम घट्ट ठोकून बसवतात आणि पुढे हाडच त्या खरबरीत पृष्ठभागावर वाढून त्याला धरून ठेवते. तरुण आणि मजबूत हाडांत ही पद्धत उत्तम चालते. वयस्कर, ठिसूळ हाडांत मात्र ठोकतानाच तडा जाण्याचा आणि पहिल्या काही आठवड्यांत हाड मोडण्याचा धोका सिमेंटच्या पद्धतीपेक्षा अधिक असतो, हे सांधेरोपणाच्या परदेशी राष्ट्रीय नोंदवह्यांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. आईला सिमेंटविना स्टेम बसवला होता.

शस्त्रक्रियेत तडा जाणे हा स्वतःहून गुन्हा नाही, हे मी मुद्दाम लिहिते. चांगल्या हातांकडूनही तो जातो. तो तिथेच लक्षात आला तर हाडाभोवती तार आवळतात, काही आठवडे त्या पायावर पूर्ण भार देऊ देत नाहीत, आणि बहुतेकदा हाड नीट जुळून येते. तो लक्षात आला नाही आणि रुग्णाला दुसऱ्या दिवसापासून पूर्ण भार देऊन चालवले, तर पाचरीने लाकूड फाकावे तसा स्टेम त्या तड्यात खाली रुतत जातो.

आईची मांडी तिसऱ्या दिवसापासून दुखत होती. खुबा नव्हे, मांडी. ती हात ठेवून जागा दाखवत असे. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, स्नायू आखडले आहेत. सहाव्या दिवशी आम्ही तिला गाडीने सोलापूरला आणले. त्यानंतर मी रुग्णालयात चार वेळा फोन केला. चारही वेळा गोळी सांगितली गेली, एक्स-रे सांगितला गेला नाही. चौथ्या आठवड्यात आईच म्हणाली, "अगं, माझी डावी टाच खाली टेकत नाही." मला वाटले ती घाबरून पाय उचलते आहे. पाचव्या आठवड्यात, वॉकर धरून गॅस बंद करायला ती वळली आणि कड असा आवाज झाला. ती पडली नाही. ओट्याला धरून उभी राहिली आणि मग मी तिला खाली बसवले.

इथे एक तपशील सविस्तर सांगते, कारण पुढे तो फार महाग पडला. सोलापुरातील ज्या रुग्णालयात आम्ही तिला नेले, तिथल्या अपघात विभागात एक तरुण डॉक्टर भराभर केसपेपर लिहीत होते. वृद्ध बाई, खुब्याजवळ हाड मोडलेले, म्हणजे घरात पडली असणार, या सवयीने त्यांनी "घरात पडल्यामुळे" अशा अर्थाची इंग्रजी ओळ लिहिली. आम्ही आईच्या रक्तदाबाकडे पाहत होतो, कागदाकडे नाही. मी सहकारी बँकेत नोकरी करते, दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या खाडाखोडी पकडते. स्वतःच्या आईचा केसपेपर मात्र मी न वाचता फायलीत लावला.

नव्या एक्स-रेत स्टेम अकरा मिलिमीटर खाली रुतलेला होता. बसवलेल्या स्टेमभोवती हाड मोडण्याचे डॉक्टर मंडळी व्हँकुव्हर वर्गीकरणाने प्रकार पाडतात. वरच्या उंचवट्यांचा मोड ए, स्टेमच्या भोवतीचा बी, स्टेमच्या बराच खालचा सी. बी प्रकारात स्टेम पक्का असेल तर प्लेट आणि तारांनी भागते. स्टेम सैल झाला असेल तर तो काढून लांब स्टेम घालावा लागतो. आईचा मोड बी-दोन होता, म्हणजे स्टेम सैल, पण हाड अजून वापरण्याजोगे. एप्रिलमध्ये सोलापुरातच साडेचार तासांची दुसरी शस्त्रक्रिया झाली: लांब स्टेम, तीन तारा आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पुण्याची पहिली फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि पेनाचे टोक त्या रेघेवर ठेवले. "मॅडम, ही तुम्हाला कोणी दाखवली होती का?" एवढेच त्यांनी विचारले.

त्यानंतर महिनाभर घरात नुसता संताप होता. मामांचे म्हणणे, सरळ पोलिसांत जा. मामा प्रत्येक बाबतीत सरळ पोलिसांतच जातात. पण जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे की डॉक्टरवर फौजदारी जबाबदारी येण्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने पुढे जाण्यापूर्वी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरांचे मत घ्यावे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. तिथे डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, भरपाई मिळत नाही. आम्हाला दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फेडायचे होते.

जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेल्यावर कळले की १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. आईच्या नावाने अर्ज केला. नेमून दिलेल्या वकीलबाईंनी माझे सगळे सांगणे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, तुमची तक्रार हाड मोडलं याची आहे, की मोडलेलं बघितलं नाही याची?" मी तोवर पहिलीच तक्रार करत होते. त्या म्हणाल्या, पहिली घेऊन गेलात तर समोरचे संमतीपत्रावर बोट ठेवतील, धोका छापलेला आहे आणि खाली सही आहे. ते खरेच होते. संमतीपत्र इंग्रजीत होते, त्यात हाड मोडण्याचा धोका एका ओळीत होता आणि खाली आईची मराठी सही होती. समिरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाली पाहिजे असे म्हटले आहे, म्हणून हा मुद्दा आम्ही सोडला नाही, पण दुय्यम ठेवला. सिमेंट का वापरले नाही, हाही प्रश्न तसाच. कारण दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. मुख्य मुद्दा राहिला तो एकच: मांडीचे दुखणे वारंवार सांगूनही पाच आठवडे एक्स-रे झाला नाही.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्के आहे. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये त्यातून वगळली आहेत, तिथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. उपचार पुण्यात झाले असले तरी २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे प्रत्येक तारखेला हुतात्मा एक्स्प्रेस पकडण्याची वेळ आमच्यावर आली नाही. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ही रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क काहीच नाही. मुदत दोन वर्षांची. ती कधीपासून मोजायची याबद्दल श्रीखंडे प्रकरणाचा २०१० चा निकाल वकीलबाईंनी मला वाचायला दिला: इजा लपलेली असेल तर ती कळल्यापासून मुदत धरता येते, पण वर्षानुवर्षे दुखत असूनही तपासून घेतले नाही तर ती सवलत मिळत नाही. आम्ही ऑगस्ट २०२५ मध्ये ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल केली.

त्याआधी कागद गोळा करण्यात बराच काळ गेला. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. आम्हाला त्या रजिस्टर पोस्टाने दोनदा मागितल्यावर एकोणिसाव्या दिवशी मिळाल्या. शस्त्रक्रियेच्या टिपणात तड्याचा उल्लेख नाही, तारेचा नाही, आणि स्टेम बसवल्यावर तपासून पाहिल्याची ओळही नाही. स्टेमच्या खोक्यावरचे स्टिकर मात्र व्यवस्थित चिकटवलेले होते, लॉट क्रमांकासह.

त्या स्टिकरवरून घरात एक नवी शाखा फुटली. भाच्याने कुठेतरी वाचले होते की खुब्याच्या सांध्यांसाठी कंपनीकडून मोठी भरपाई मिळते. तो वाचत होता ते डीप्यू कंपनीच्या एएसआर सांध्याबद्दल होते. धातूवर धातू घासणारा हा सांधा कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, आणि केंद्र सरकारने नेमलेल्या समित्यांच्या कामानंतर २०१८ मध्ये तीस लाख ते एक कोटी तेवीस लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरले. पण तिथे दोष वस्तूत होता. धातूचे कण रक्तात आणि आसपासच्या ऊतींत उतरत होते. आईचा काढलेला स्टेम कुठेही मोडलेला नव्हता, वाकलेला नव्हता. उत्पादनातील दोषाबद्दल दाद मागण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे, पण कंपनीला ओढून आमची तक्रार फक्त लांबली असती. भाचा अजूनही नाराज आहे.

रुग्णालयाचे लेखी म्हणणे चव्वेचाळिसाव्या दिवशी आले. कायद्याने तीस आणि वाढीव पंधरा दिवसच मिळतात. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, रुग्ण घरात पडली, आणि याला पुरावा म्हणून सोलापूरच्या त्याच केसपेपरमधली ती एक ओळ. ती लिहिणारे तरुण डॉक्टर आता दुसऱ्या राज्यात शिकत आहेत. त्यांच्याकडून शपथपत्र मिळते का हे पाहणे चालू आहे. दोन, फिल्मवरची रेघ हा तडा नसून हाडात शिरणाऱ्या रक्तवाहिनीचा मार्ग आहे, असे त्यांच्या तज्ज्ञांचे मत. ते हास्यास्पद नाही. असे मार्ग असतात आणि ते तड्यासारखे दिसतात. आमच्या डॉक्टरांचे उत्तर असे की रक्तवाहिनीच्या मार्गाच्या कडा दाट आणि गुळगुळीत असतात, आणि मुख्य म्हणजे तो शस्त्रक्रियेच्या आधीच्या एक्स-रेतही त्याच जागी दिसायला हवा.

शस्त्रक्रियेच्या आधीची फिल्म आमच्याकडे आहे. तीही मी गादीखालून काढून खिडकीशी धरली. त्या फिल्मची खालची कड नेमकी लहान उंचवट्यापाशी संपते. रेघ जिथून सुरू व्हायला हवी त्याच्या बोटभर वर. संगणकातली मूळ प्रतिमा छापलेल्या फिल्मपेक्षा मोठी असू शकते, म्हणून ती सीडीवर द्यावी असा अर्ज वकीलबाईंनी केला आणि आयोगाने रुग्णालयाला पुढच्या तारखेपर्यंतची मुदत दिली. आई आता काठी घेऊन चालते, डाव्या चपलेला आतून एक सेंटिमीटरची टाच लावलेली आहे. तारखेला मीही येते, असे ती म्हणते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आहे का, एवढे तिने विचारून ठेवायला सांगितले आहे.