अर्धी हवा

व्यायामासाठी बसायचा मोठा चेंडू मागवला, पण खोक्यातून निघाला तेव्हा तो चेंडू नव्हताच. निळ्या रंगाची एक जाडसर घडी होती आणि तिला नव्या रेनकोटचा वास येत होता. सोबत वीतभर पंप आणि दोन पांढरी बुचं. खोक्यावर मोठ्या आकड्यात ६५ सेंमी. व्यास ६५, म्हणजे आत मावणार जवळपास १४४ लिटर हवा. पाण्याच्या हिशेबात नऊ-दहा बादल्या. त्या पंपाकडे बघून मला त्याचीच दया आली.

सूचना अशी की पहिल्या दिवशी ऐंशी टक्केच फुगवायचा, एक दिवस तसाच ठेवायचा आणि मग पुरा करायचा. ऐंशी टक्के म्हणजे झालंच की जवळजवळ, असं वाटतं. पण हे ऐंशी टक्के व्यासाचे. ०.८ ला ०.८ ने दोनदा गुणा, उत्तर येतं ०.५१. म्हणजे ५२ सेंटिमीटरचा गोळा हात दुखेपर्यंत भरला, तरी खरी हवा निम्मीच गेलेली असते. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, उरलेले १३ सेंटिमीटर संपता संपेनात तेव्हा.

मोजायचं कसं, हाही घोळच. शिवणाची टेप गुंडाळून पाहिली, ती दीड मीटरची. ६५ च्या चेंडूचा घेर दोन मीटरच्या वर जातो. शेवटी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने ५२ आणि ६५ वर खुणा केल्या, शेजारी तारखा टाकल्या आणि चेंडूवर एक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून उंची पाहिली.

मधला दिवस कशासाठी? हा चेंडू पीव्हीसीचा. ते ताणलं की लगेच एकदा आणि मग हळूहळू आणखी थोडं सैलावतं. घड्यांच्या रेषाही याच वेळात जातात. थंडीत गारठलेला चेंडू तर आधी खोलीत दोन-तीन तास पडू द्यावा, प्लास्टिक नरम पडतं. सकाळी तो मऊ लागला म्हणून मी बुचाला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. गळत नव्हता, फक्त सैलावला होता.

आधीच्या चेंडूला मी हा दिवस दिला नव्हता. बोटाने दाबून दगड होईपर्यंत भरला, बसलो आणि सरळ जमिनीवर आलो. टणक चेंडू जमिनीला जेमतेम टेकतो, म्हणून तो जास्त पळतो. नवख्याने किंचित मऊच ठेवावा. बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर आल्या की पुरे. बाकी हा ‘स्विस बॉल’ जन्माने इटलीचा. १९६० च्या दशकात आक्विलिनो कोसानी यांनी तो बनवला. स्वित्झर्लंडमध्ये उपचारासाठी वापरताना अमेरिकन फिजिओथेरपिस्टांनी पाहिला आणि नाव स्वित्झर्लंडचं पडलं.

हवा काढणं मला भरण्यापेक्षा अवघड वाटतं. बूच आत इतकं चपखल बसतं की नख शिरत नाही आणि हात सुरीकडे जातो. सुरी नको, चमच्याच्या दांड्याने कडेकडेने उचकटावं. पहिली हवा फुस्सकन जाते. मग चेंडूवर पालथं पडायचं, भोकाच्या विरुद्ध टोकाकडून गादीसारखी वळकटी करत यायचं. हात सोडला की तो पुन्हा हवा ओढून घेतो, म्हणून भोकावर अंगठा हवाच. शेवटची लिटरभर हवा कधीच निघत नाही. त्यामुळे मूळ खोक्यात तो परत गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता चेंडू कपाटात आहे, चौकटीवरच्या खुणा तशाच आहेत. परवा घरी आलेल्या एका काकूंनी त्या निरखून पाहिल्या, तारखा वाचल्या आणि गंभीरपणे विचारलं, “एका दिवसात तेरा सेंटिमीटर? काय देता हो खायला?”