प्रकाशाने पेशीचे वजन करताना

त्या दिवशी आम्हाला तांबडी रक्तपेशी पाण्याने फुगताना मोजायची होती, तीही कोणताही रंग न घालता. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकटी पेशी फारच फिकट दिसते. आमच्या हेलियम-निऑन लेसरचा 632.8 नॅनोमीटरचा लाल प्रकाश तर तिच्यातून जवळजवळ जसाच्या तसा पार होतो. फक्त त्याला उशीर होतो. पेशीचा अपवर्तनांक (आत प्रकाश किती मंदावतो त्याचे माप) सुमारे 1.40, भोवतालच्या द्रवाचा 1.33च्या आसपास, 2 मायक्रोमीटर जाडीतून येताना लहर तरंगलांबीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याने मागे पडते. कॅमेऱ्याला हा उशीर कळत नाही, त्याला कळते ती केवळ तीव्रता. म्हणून झोताचे दोन भाग करायचे, एक पेशीतून न्यायचा, दुसरा कोरा ठेवायचा आणि दोघांची गाठ कॅमेऱ्यावर किंचित तिरकी घालायची. डेनिस गॅबर यांनी होलोग्राफी, म्हणजे प्रकाशलहर तिच्या उशिरासकट नोंदण्याची ही पद्धत, मांडली 1948 मध्ये, पण हा तिरकेपणा आणला लीथ आणि उपाटनिक्स यांनी, 1962 मध्ये. माझ्या मते आमचे निम्मे काम त्या एका युक्तीवर उभे आहे.

वातानुकूलन बंद केले, दार लावून घेतले. दोन्ही झोतांच्या गाठीतून उमटणारे व्यतिकरणाचे पट्टे स्थिर झाल्यावर जीवशास्त्राच्या सहकारी मॅडमनी द्रवातले मिठाचे प्रमाण हळूहळू उतरवायला सुरुवात केली.

पडद्यावरच्या उशिराच्या नकाशात पेशीचा मधला खळगा भरत गेला. तबकडीचा गोळा झाला. उंची वाढली, घेर आक्रसला, पण संपूर्ण पेशीवरच्या उशिराची बेरीज जवळपास तेवढीच राहिली! आत नुसते पाणी येत होते, हिमोग्लोबिन होते तेवढेच होते, आणि ही बेरीज त्याच्याच वस्तुमानाच्या प्रमाणात असते. एका पेशीत ते सुमारे 30 पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). हे गणित मी कितीदा तरी शिकवले होते. जिवंत पेशीवर ते असे खरे उतरताना बघून अंगावर काटा आला.

मग ती बेरीज एकाएकी कोसळली आणि काही सेकंदांत पेशी नकाशावरून पुसली गेली. "फुटली का हो?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले. मॅडम म्हणाल्या, "आवरण आहे अजून तिथेच. आतलं हिमोग्लोबिन गळून गेलं." आत-बाहेर अपवर्तनांक सारखाच झाला, मग प्रकाशाला उशीर व्हावा कशामुळे?

शेजारच्या पेशी मात्र एकदम गेल्या नाहीत. कुणी आधी, कुणी बरीच नंतर. वय झालेल्या पेशी असा ताण कमी सोसतात, हे मॅडमना ठाऊक होते. आम्हाला ते पेशीगणिक, आकड्यांत दिसत होते. एक पेशी तर तरंगत नाभीबाहेर, म्हणजे फोकसबाहेर, गेली होती. साध्या छायाचित्रात ती वायाच गेली असती. होलोग्राममध्ये लहर पूर्ण नोंदलेली असते, त्यामुळे संध्याकाळी संगणकावर नाभी सरकवून आम्ही तिचाही आलेख काढला. ती सगळ्यात शेवटपर्यंत टिकलेली निघाली.