लाय, ले, लेन आणि ले, लेड, लेड

इंग्रजीतल्या अनियमित क्रियापदांपैकी ‘गो, वेंट, गॉन’ किंवा ‘सी, सॉ, सीन’ लवकर पाठ होतात, कारण त्यांच्या रूपांवर दुसरं कुणी हक्क सांगत नाही. ‘लाय’चं तसं नाही. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, पडून असणं. त्याची रूपं लाय, ले, लेन. ‘ले’ म्हणजे ठेवणं, अंथरणं, रचणं. त्याची रूपं ले, लेड, लेड. एकाचं व्ही-टू (भूतकाळाचं रूप) तेच दुसऱ्याचं व्ही-वन (मूळ रूप), आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. भरीला तिसरं ‘लाय’ आहे, खोटं बोलणं. ते बिचारं नियमित आहे: लाय, लाइड, लाइड.

स्पेलिंग आधी पक्की करून घ्या. लाय म्हणजे एल-आय-ई, ले म्हणजे एल-ए-वाय, लेन म्हणजे एल-ए-आय-एन, लेड म्हणजे एल-ए-आय-डी. ‘प्लेड’, ‘स्टेड’ यांच्या धर्तीवर एल-ए-वाय-ई-डी असं लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते चूक. ‘पेड’ आणि ‘सेड’ जसे वाय सोडून आय घेतात, तसंच हे.

आता मुख्य प्रश्न: भूतकाळात कुठे ले आणि कुठे लेड? वाक्यात कर्म असेल तर लेड, नसेल तर ले, हा पुस्तकी नियम बरोबरच आहे. पण लिहिण्याच्या ओघात कर्म शोधत कोण बसतो? मराठीत त्याहून झटपट कसोटी आहे. वाक्य मनात मराठीत, भूतकाळात आणि ‘तो’ किंवा ‘ती’ कर्ता धरून म्हणायचं. ‘त्याने’ किंवा ‘तिने’ आलं तर लेड. नुसतं ‘तो’ किंवा ‘ती’ राहिलं तर ले. ‘तिने चादर अंथरली’: शी लेड अ शीट ऑन द बेड. ‘ती जरा आडवी झाली’: शी ले डाउन फॉर अ व्हाइल. कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर ‘ने’ दिसत नाही, म्हणून तो बदलून घ्यायचा. वर्तमानकाळातही ‘ने’ दिसत नाही, म्हणून आधी भूतकाळ करून पाहायचा: ‘ने’ आला तर क्रियापद ‘ले’, नाही तर ‘लाय’.

मराठीत ‘तो धडा शिकला’, ‘ती नाव विसरली’ अशी ‘ने’ न घेणारी सकर्मक क्रियापदं आहेत, म्हणून ही कसोटी इंग्रजीच्या प्रत्येक क्रियापदाला लावू नये. पण ठेवणं, अंथरणं, रचणं, मांडणं, घालणं या सगळ्यांना ‘ने’ लागतोच, त्यामुळे या जोडीपुरती ती दगा देत नाही.

माणूस नसलेल्या वाक्यांनाही ती चालते. चूक आराखड्यातच होती: द फॉल्ट ले इन द डिझाइन. गाव दोन टेकड्यांच्या मध्ये वसलं होतं: द व्हिलेज ले बिटवीन टू हिल्स. इथे ‘ने’ला जागाच नाही, म्हणून लेड लिहायचा प्रश्न येत नाही. कोंबडीने काल अंडं घातलं, तर द हेन लेड ॲन एग. एकाच वाक्यात दोन्ही रूपंही येऊ शकतात: ही ले डाउन अँड लेड हिज हेड ऑन द पिलो. तो आडवा झाला आणि त्याने डोकं उशीवर टेकवलं. मराठी वाक्यात ‘तो’चा ‘त्याने’ झाला, तिथेच इंग्रजीत ले बदलून लेड आलं.

ही जोडी अशी का, हे कळलं की घोकंपट्टी कमी होते. मराठीत पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, चरणे आणि चारणे अशा जोड्या आहेत. आतला स्वर बदलतो आणि आपोआप होणारी क्रिया दुसऱ्याकडून घडवलेली होते. प्राचीन इंग्रजीतही तसंच होतं. ‘ले’ हे ‘लाय’चं प्रयोजक रूप, ‘सेट’ हे ‘सिट’चं, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणं हे ‘फॉल’चं. मूळ क्रियापदं भूतकाळ करताना आतला स्वर बदलतात: सिट, सॅट, फॉल, फेल, लाय, ले. प्रयोजक क्रियापदं मात्र शेवटी ड किंवा ट जोडणाऱ्या गटातली, म्हणून लेड आणि फेल्ड. ‘लेड’ अनियमित दिसतो तो फक्त स्पेलिंगमुळे; आत नेहमीचाच ‘ड’ आहे. ‘फेल’मध्येही हुबेहूब हीच टक्कर आहे: द ट्री फेल म्हणजे झाड पडलं, दे फेल्ड द ट्री म्हणजे त्यांनी झाड पाडलं.

आता मराठी वळणाच्या चुका. पुढचा उतारा पाहा.

‘आय वॉज टायर्ड, सो आय लेड डाउन. माय ग्लासेस वेअर लेइंग ऑन द फ्लोअर. आय डिडन्ट नो हाउ लाँग दे हॅड लेड देअर.’

पहिल्या वाक्यात ‘ती आडवी झाली’ची कसोटी लावली की ले डाउन. दुसऱ्यात चष्मा नुसता पडलेला आहे, तो काही मांडत नाही, म्हणून वेअर लायिंग. त्याची स्पेलिंग एल-वाय-आय-एन-जी; ‘डाय’ आणि ‘टाय’ यांच्यातही आय-ई जाऊन असाच वाय येतो. तिसऱ्यात ‘हॅड’ आहे, म्हणून व्ही-थ्री हवं, आणि लायचं व्ही-थ्री लेन: हॅड लेन देअर. एका उताऱ्यात तीन चुका, आणि तिन्हींचं मूळ एकच. ले हा ‘लाय’चा भूतकाळ आहे हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसतं, तो ‘ले’लाच मूळ क्रियापद धरतो, म्हणून लेड आणि लेइंग चिकटवले जातात.

उलटी चूकही तितकीच होते. लायचा भूतकाळ ले हे पाठ झालं की ‘ही डिडन्ट ले डाउन’ लिहिलं जातं. ‘डिड’ आला की भूतकाळाचं काम त्यानेच केलेलं असतं. पुढे व्ही-वन हवं. ही डिडन्ट लाय डाउन. प्रश्नातही तसंच: व्हेअर डिड ही लाय? आडवं होण्याच्या अर्थाने ‘डिड’नंतर ले कधीच येत नाही.

सर्वांत चिवट गोंधळ ‘होतं’चा. ‘पुस्तक टेबलावर पडलं होतं’ यात ‘होतं’ दिसलं की हात आपोआप ‘हॅड’कडे जातो. पण मराठीचं हे ‘पडलं होतं’ बहुतेकदा त्या वेळची स्थिती सांगतं, त्याआधीची घटना नाही. म्हणून द बुक ले ऑन द टेबल किंवा द बुक वॉज लायिंग ऑन द टेबल. ‘हॅड लेन’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या एखाद्या क्षणापर्यंतचा अवधी सांगायचा असतो: इट हॅड लेन देअर फॉर अ मंथ. आणि ‘वॉज लेड’ म्हटलंत, तर कुणीतरी ते तिथे ठेवलं असा अर्थ होतो. कर्मणी प्रयोग फक्त ‘ले’चा होतो, ‘लाय’चा नाही.

लेन हे रूप बोलण्यात क्वचितच ऐकू येतं. ‘हॅज लेन’ऐवजी ‘हॅज बीन लायिंग’ लिहिलं तर कुणी बोट ठेवणार नाही, आणि माझ्या मते रोजच्या लेखनात तेच बरं. औपचारिक मजकुरात मात्र लेनच्या जागी लेड घालून वेळ मारून नेऊ नये.

इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ‘लाय डाउन’ला बोलताना सर्रास ‘ले डाउन’ म्हणतात. ‘ले’चा हा वापर १४व्या शतकापासून आढळतो, त्याला चूक ठरवायला १८व्या शतकात सुरुवात झाली. त्यामुळे मालिकेत ऐकलेलं रूप अर्जात किंवा परीक्षेत जसंच्या तसं वापरणं धोक्याचं.

शेवटी जोडशब्द. मिसले, इनले, वेले, ओव्हरले हे सगळे ‘ले’च्या घरचे: मिसलेड, इनलेड, वेलेड, ओव्हरलेड, स्पेलिंग ए-आय-डी. (मिसलीडचं मिसलेड वेगळं, त्यात ए नाही, फक्त एल-ई-डी.) अंडरलाय ‘लाय’च्या घरचं: अंडरलाय, अंडरले, अंडरलेन. बिलाय मात्र खोटं बोलण्याच्या ‘लाय’कडे जातं, म्हणून बिलाइड. डिलेचं या कुटुंबाशी नातं नाही, ॲलेचं मुळात आहे, पण दोन्ही सरळ वाय-ई-डी घेतात. ‘रिले’चे दोन प्रकार आहेत: निरोप पुढे पोचवला तर वाय-ई-डीवालं रिलेड, फरशी उखडून पुन्हा बसवली तर ए-आय-डीवालं. आणि ‘लाय लो’, म्हणजे दडून राहणं, याचा भूतकाळ ले लो. ‘ही लेड लो फॉर अ वीक’ छापील मजकुरातही सापडतं. तिथे लेड खोडून ले करायचं.