अकरावीत मॅथ्स की बायो? आर्किटेक्चरसाठी विषय निवडतानाचा माझा अनुभव

आमच्या हिंगणघाटकडच्या खेड्यांत दहावीत पोरीला चांगले मार्क पडले की बायो ठरलेलंच असते, कोणी विचारत पण नाही. मला आर्किटेक्चर करायचं होतं, घरी आईबाबा तयार होते, पण त्यासाठी अकरावीत नेमकं काय घ्यावं हे सांगणारं आजूबाजूला कोणी नव्हतं. एका ज्युनिअर कॉलेजात विचारलं तर म्हणे चित्रकलेची इंटरमिजिएट पास आहेस ना, मग झालं, बायो घे आन एमएचटी-सीईटी दे.

आता ह्यातली एकही गोष्ट बरोबर नाही, आन त्या भरवशावर किती पोरींची वाट बंद होत असेल ह्याचं मला खरंच वाईट वाटते. बी.आर्कला, म्हणजे आर्किटेक्चरच्या डिग्रीला, बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजेच, तिसरा विषय केमिस्ट्री, बायो, कॉम्प्युटर, आयटी असा ठरलेल्या यादीतला एखादा चालतो. आणि परीक्षा एमएचटी-सीईटी नाही, नाटा (आर्किटेक्चरचीच वेगळी प्रवेश परीक्षा) लागते किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरसाठीचा पेपर २ए. नागपूरच्या व्हीएनआयटी ह्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात आर्किटेक्चर आहे, तिथे पेपर २एच लागतो. हे सगळं मी मोबाईलवर काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या (आर्किटेक्चर शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था) साईटवर वाचलं आणि बाबांना दाखवलं.

आईचं म्हणणं, दोन्ही घे, पुढे मन बदललं तर? ते पण चालते, पण मला मॅथ्सला वेळ पाहिजे होता म्हणून मी बायो सोडून आयटी घेतलं. मॅथ्सची ट्यूशन गावात नाही, तालुक्याला जावं लागे, मुलींना एसटीचा पास फुकट आहे म्हणून ते निभलं.

माझी खरी खात्री पटली ती मामाच्या घराच्या बांधकामावर. मिस्त्रीकाका कोपरा काढत होते, एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण केली आणि तिरपा टेप लावला, ५ फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहिले. मला म्हणाले, "बाई, कर्ण जुळला नाही त सारं घर तिरपं जाते." दहावीच्या भूमितीतलं पायथागोरस, बाप्पा, जसंच्या तसं!

अकरावीचं त्रिकोणमिती, सरळ रेषा आणि बारावीचे वेक्टर, लाइन अँड प्लेन हे चॅप्टर मी मन लावून केले, ते आता बी.आर्कला कामी येऊन राहिले. स्ट्रक्चर्समध्ये दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमवर सारखा लोड असला तर बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा परिणाम, डब्ल्यू एल स्क्वेअर भागिले ८; डब्ल्यू म्हणजे दर फुटाचा लोड, एल म्हणजे बीमची लांबी. म्हणजे दर फुटाचा लोड तोच ठेवून खोलीची रुंदी, म्हणजे बीमची लांबी, दुप्पट केली की मोमेंट चौपट! आपल्याकडे मोठा हॉल हवा म्हणून मधला खांब काढा म्हणतात, तेव्हा हे माहीत असणं किती गरजेचं आहे.

पेपर २एमध्ये एकूण ४०० मार्क, त्यात मॅथ्स १००, ॲप्टिट्यूड २०० आणि ड्रॉइंग १००. फॉर्म भरताना नीट बघा, पेपर १ बीई-बीटेकचा आहे, आपल्याला २ए टिक करावा लागते. आणि पेपर मराठीतून पण देता येते, तो पर्याय फॉर्म भरतानाच निवडायचा असते.