अकरा पाठवली, चार टेन आली

अमेरिकेतल्या पीएसए कंपनीकडे ग्रेडिंगला (कार्ड तपासून दहापैकी मार्क देतात) पाठवलेला माझ्या संग्रहातल्या कार्डांचा लॉट परत आला मंडळी! उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात दिला होता आणि हातात पडला जूनच्या शेवटी, म्हणजे बरोबर पावसाच्या तोंडावर. एकटीने थेट अमेरिकेला पाठवणं मला परवडत नाही, जातानाचं शिपिंग, येतानाचं कस्टम, मधला जीव टांगणीला तो वेगळाच, म्हणून आम्ही सात जण मिळून मुंबईच्या एकाकडे कार्डं देतो आणि तो सगळ्यांची एकत्र पुढे पाठवतो. तर निकाल असा, अकरा कार्डं, चार १०, पाच ९, एक ८ आणि एक ६. हो, सहा. त्या सहाबद्दल सांगते, पण आधी चांगलं बोलूया.

चार टेनमधलं माझं लाडकं म्हणजे युका मोरिईचं. ही बाई चित्र काढतच नाही, मातीचं पोकेमॉन बनवते आणि त्याला बागेत, गवतात, पाण्याकाठी ठेवून फोटो काढते, तोच कार्डावर छापतात. आमच्या बडोद्यात गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्ती बघत वाढलेल्या माणसाला ते बघून काय वाटतं हे सांगायला नको, बोटाचा ठसा सुद्धा दिसेल असं वाटतं. बाकी तीन टेन जपानी आर्ट रेअर (कार्डभर चित्र असलेली दुर्मिळ पोकेमॉन कार्डं) आहेत. जपानी छपाई कडांना जास्त स्वच्छ असते हे आपल्यात सगळे म्हणतात आणि माझा अनुभवही तोच, इंग्रजी कार्ड पाकिटातून काढतानाच मागच्या कडेला पांढरं दिसतं, म्हणजे आपण हात लावायच्या आधीच नऊ झालं. माझं आठ आलं ते असंच, इंग्रजी, मागे दोन कोपऱ्यांना पांढरे ठिपके, मला दिसले होते तरी पाठवलं कारण चित्र आवडतं. आवडीचे पैसे गेले, जाऊ देत.

आता सहा. १९९० साली इम्पेल कंपनीने मार्व्हल कॉमिक्सच्या पात्रांचा, मार्व्हल युनिव्हर्सचा पहिला सेट काढला, १६२ साधी कार्डं आणि पाच होलोग्राम, त्यातला सिल्व्हर सर्फर माझ्या आतेभावाने न्यू जर्सीहून आणून दिला होता. ही पाच कार्डं म्हणजे खरे होलोग्राम, हल्ली विकणारे प्रत्येक चमकणाऱ्या कार्डाला होलोग्राम म्हणतात त्याची मला फार चीड येते. होलो फॉइल म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर दाबून उठवलेल्या अतिबारीक रेघा, त्यावर अॅल्युमिनियमचा थर, सीडीवर इंद्रधनुष्य दिसतं तसंच प्रकाश फुटतो आणि चित्र वरून शाईने छापतात. होलोग्राममध्ये मात्र वस्तूची खोली असते, कार्ड हलवलं की आकृतीच्या मागे डोकावता येतं. पूर्वी बहुतेक होलोग्राम बघायला लेझर लागायचा, १९६८ मध्ये स्टीफन बेंटनने साध्या उजेडात दिसेल असा प्रकार शोधला म्हणून तर ते पुढे क्रेडिट कार्डावर आणि आपल्या कार्डांवर आलं.

तर हा सर्फर घरी आला, त्यावर बोटांचा धुरकट डाग होता, आणि मी शहाणीने चष्म्याच्या कापडाने पुसला. गोल गोल. सरळ बघितलं तर काहीच नाही, आरशासारखं लख्ख, मी खूष. परत आल्यावर टॉर्च आडवा धरला तेव्हा कळलं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा, सगळ्या माझ्या हातच्या. पीएसएच्या लेबलवर कारण लिहिलेलं नसतं, बेकेट या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीसारखे चार वेगळे मार्क नसतात, नुसता आकडा असतो आणि कारण तुम्ही घरी बसून शोधायचं. मला शोधावं लागलं नाही. ३० वर्षं अमेरिकेतल्या कुठल्याशा ड्रॉवरमध्ये सुखाने पडलेल्या कार्डाची मी बडोद्याच्या अकोट्यात दोन मिनिटांत वाट लावली. तेव्हापासून होलोला कापड नाही म्हणजे नाही, फक्त हवा मारायचा रबरी फुगा, आणि त्याने जे जात नाही ते तसंच राहील.

आता पावसाळा, कारण यंदा खरं काम तिथे झालं. होलो कार्ड वाकतं ते का, हे नव्या मुलांना सांगून सांगून थकले, एकदा नीट लिहून टाकते. पुढे फॉइल, मागे कागद. फॉइल पाणी पीत नाही, कागद पितो. दमट हवेत कागद फुगून लांबतो, फॉइल आहे तेवढंच राहतं, म्हणून कार्ड फॉइलच्या बाजूला वाटीसारखं होतं. मे महिन्यात बडोद्याच्या कोरड्या भट्टीत कागद आकसतो आणि तेच कार्ड उलटं वाकतं. थोडक्यात पापडासारखं सादळतं. खूप सादळलेलं कार्ड पुस्तकाखाली दाबून सरळ करायला जाऊ नका, सरळ होतं पण एखादी खळी पडते आणि मग आठ सुद्धा दिसत नाही.

मी यंदा केलं ते असं की रबराची गास्केट असलेला, डाळ-तांदळाचा असतो तसा मोठा डबा घेतला, त्यात स्लीव्हमधली (प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटातली) कार्डं उभी, सोबत हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर आणि ओलावा धरून सोडणारी पुडी, ती जी दोन्हीकडून काम करते. आधी साधं सिलिका जेल भरपूर टाकलं होतं तर डबा ३० टक्क्यांवर गेला आणि कार्डं उलटी वाकली, म्हणजे रोग बरा, औषधाने मेले. आता ४५ ते ५० मध्ये राहतं. बाहेर खोलीत जुलैत ८८ टक्के दिसत होते. सासूबाईंना आधी हे सगळं खूळ वाटायचं (त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, एवढे पत्ते जमवलेस आणि एक डाव खेळत नाहीस), पण तो आकडा बघायची त्यांनाच सवय लागली, सकाळी चहा ठेवता ठेवता ओरडतात, "अगं आज ब्याऐंशी, कपडे काही वाळत नाहीत!"

स्लॅब (मार्क दिलेलं कार्ड कंपनी ज्या कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देते ती) झाला म्हणजे सुटलो असंही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो, लाइट गेलेली, बाहेर मगरीच्या बातम्या, आणि मी टॉर्च तोंडात धरून स्लॅबचे दोन डबे वरच्या जोशीकाकूंकडे पोचवत होते. नवरा गॅस सिलेंडर उचलत होता, त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते सोडा. स्लॅब अल्ट्रासाउंडने जोडलेला असतो पण वॉटरप्रूफ नसतो, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. माझं काही भिजलं नाही. आता डबे कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, उन्हापासूनही लांब.

पाच नवांबद्दल. त्यातली तीन मी दिवसा खिडकीत बसून तपासली होती, टेन धरून चालले होते. आता रात्री लाइट घालवून परत बघितली, टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून, कार्ड हळूहळू फिरवत, तर दोन कार्डांवर फॉइलमधून वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ, छापतानाचीच, आणि तिसऱ्याच्या पुढच्या कडेला चंदेरी फॉइलचा कण सुटलेला. चौथं सेंटरिंगला, म्हणजे चित्र चारही बॉर्डरींच्या बरोबर मध्ये नसल्यामुळे गेलं असणार. टेनला समोर साधारण ५५-४५ लागतं, मागे ७५-२५ पर्यंत चालतं. म्हणजे डावी-उजवी बॉर्डर मिळून ६ मिलिमीटर असेल तर एकीकडे ३.३ आणि दुसरीकडे २.७, फरक फक्त ०.६. डोळ्याने नाही कळत हो, पारदर्शक पट्टी ठेवूनच बघायचं. पाचवं नऊ का आलं मला अजून कळलेलं नाही आणि मी ते स्लॅब फोडून परत पाठवणार नाही. जे लोक फोडून परत परत पाठवतात ते जुनं लेबल परत करत नाहीत, मग पॉप रिपोर्टमध्ये (कुठल्या कार्डाला कुठला मार्क किती वेळा मिळाला याची कंपनीची यादी) एकच कार्ड दोनदा तीनदा मोजलं जातं आणि आपण त्या आकड्यावर भाव ठरवत बसतो.

भिंगाचा अजून एक उद्योग सांगते. गौरीला माहेरी दांडिया बाजारात गेले होते. तिथे देवघरात लक्ष्मीचं जुनं चित्र आहे, रवि वर्मा प्रेसचं, आमच्या काकांचा जीव की प्राण. रवि वर्माला चित्रांच्या छापील प्रती काढायचा सल्ला दिला तो टी. माधवरावांनी, जे बडोद्याचे दिवाण होते, आणि १८९४ मध्ये मुंबईला प्रेस निघाला, हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मला म्हणाले, "तुझ्या त्या भिंगातून बघ की, कसं काम आहे." जुन्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या त्या छापील प्रतींमध्ये, दगडावर हाताने दिलेले ठिपके असतात, वाकडेतिकडे, एकावर एक रंग. आपल्या कार्डांवर चार रंगांच्या ठिपक्यांची सारखी फुलं दिसतात, ऑफसेट म्हणजे यंत्राच्या छपाईची, नकली कार्ड ओळखायला आपण तीच तर बघतो. मी काच पुसली (हो, कापडाने, काच आहे ती), भिंग लावलं आणि लक्ष्मीच्या गालावर बघितलं. सारखी फुलं. पायाशी बघितलं, कमळावर बघितलं, हत्तीवर बघितलं. सगळीकडे फुलं.

"काय, आहे ना झकास?" काका म्हणाले. मी म्हटलं, रंग फार छान टिकलेत.

पुढच्या लॉटला फक्त सहा कार्डं ठेवलीत, रात्रीच्या टॉर्चमधून गेलेली, डिसेंबरात हवा कोरडी झाली की देणार. सर्फर परत जात नाही, तो त्याच्या सहासकट टेबलावर उभा आहे. आणि काकांचा काल फोन होता, त्यांना विचारायचंय की देवघरातल्या लक्ष्मीला अमेरिकेला पाठवून नंबर आणता येतो का, आणि आला तर दहाच्या खाली येणार नाही ना.