आधी माणसं वाचली
काल रात्री राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवर पाच अनोळखी लोकांबरोबर पोकरला बसलो. पैसे नाहीत, शेंगदाणे लावून. पहिला अर्धा तास बहुतेक डाव पॅक केले, म्हणजे पानं टाकून दिली, आणि नुसतं बघत राहिलो. एक पोरगा दर डावाला रेझ करत होता, म्हणजे बोली वाढवत होता. हातातल्या दोन पानांत जोडी येते साधारण 17 डावांत एकदा, मग याला दर वेळी कुठली भारी पानं? त्याला बिनधास्त कॉल करायचं, म्हणजे त्याच्याइतकेच शेंगदाणे लावायचं ठरवलं. कोपऱ्यातल्या काकांनी मात्र तासाभरात दोनदाच रेझ केलं, दोन्ही वेळा पानं भारी. तिसऱ्यांदा त्यांनी रेझ केलं तेव्हा माझ्या हातात राण्यांची जोडी. लई जीव तुटला, पण टाकली. काकांनी हसत पानं उलटली, दोन एक्के! इतका आनंद जिंकलेल्या डावांनीपण दिला नाही, भावांनो.