होस्टवर काही टाकू नका, हे मला आधीच माहीत होतं

जुना डेस्कटॉप पडून होता, त्यात १६ जीबीच्या दोन रॅम टाकून ३२ केल्या आणि म्हटलं आता स्वतःचा छोटा क्लाउड करायचाच. क्लाउड म्हणजे काय तर पेटी एकच, पण ब्राउजरमधून हवी तेव्हा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे पेटीच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) उभी करायची आणि नको झाली की पुसून टाकायची. ओपनस्टॅक (मोठे क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) वाचून बघितलं होतं, पण एका पेटीसाठी एवढा लवाजमा कोण सांभाळणार. मग प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवायची सिस्टीम) घेतलं, ते मुळात डेबियन लिनक्सच आहे त्यामुळे खाली काय चाललंय ते कळतं, आणि केव्हीएमच्या (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) व्हीएम आणि एलएक्ससी कंटेनर (व्हीएमपेक्षा हलके बंदिस्त डबे) दोन्ही एकाच स्क्रीनवर मिळतात.

इन्स्टॉल पटकन झालं. पहिली व्हीएम मात्र सुरूच होईना, कारण बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद होतं (इंटेलच्या बोर्डवर व्हीटी-एक्स शोधा, एएमडीवर बहुतेक ठिकाणी एसव्हीएम लिहिलेलं असतं). केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) आहे, पण प्रोसेसरने साथ दिली नाही तर त्याचं काही चालत नाही. चालू केलं, रीबूट मारला, झालं.

व्हीएम की कंटेनर यावर लोक भांडत बसतात, मला त्यात भांडण्यासारखं काही दिसत नाही. कंटेनर होस्टचाच (खालच्या मूळ पेटीचाच) कर्नल वापरतो म्हणून दोन सेकंदात उठतो आणि रॅम अगदी कमी खातो, डीएनएससारख्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधायच्या) छोट्या कामाला एलएक्ससी एकदम मस्त. व्हीएमचा कर्नल स्वतःचा असतो, त्यामुळे आत कितीही गोंधळ घातला तरी तो आतच राहतो. आणि मी गोंधळ घालणारा माणूस आहे हे पुढे कळेलच.

तर झालं असं की मला डॉकर (तयार अ‍ॅप कंटेनरमध्ये चालवायचं साधन) हवं होतं. प्रॉक्समॉक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलंय की डॉकरचे कंटेनर व्हीएमच्या आत चालवा. मी ते वाचलं होतं. वाचूनसुद्धा म्हटलं, एक व्हीएम बनवा, तिला वेगळी रॅम द्या, तिचे अपडेट बघा, कशाला, खाली डेबियनच तर आहे, थेट होस्टवरच टाकू. टाकलं. पहिला कंटेनर पळाला, मी खूश, झोपलो.

सकाळी एकाही व्हीएममधून इंटरनेट नाही. गंमत म्हणजे होस्टवर सगळं व्यवस्थित, होस्टवरून व्हीएमला पिंग (‘आहेस का?’ विचारणारं पॅकेट) जातंय, व्हीएममधून प्रॉक्समॉक्सचं ८००६ पोर्टवालं पेज उघडतंय, पण व्हीएममधून राउटरला पिंग केलं की शुकशुकाट. राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस एआरपीच्या यादीत (कोणत्या आयपीचं नेटवर्क कार्ड कोणतं, त्या नोंदीत) दिसत होता, म्हणजे वायर ठीक, ब्रिज (व्हीएमना नेटवर्क कार्डाशी जोडणारा दुवा) ठीक, दोघं एकमेकांना ओळखतायत आणि तरी बोलत नाहीत! मी आधी ब्रिजचं कॉन्फिग तीनदा तपासलं, मग केबल बदलली (का बदलली ते विचारू नका), मग राउटर रीस्टार्ट केला. शेवटी टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावलं तेव्हा दिसलं की पॅकेट व्हीएमच्या टॅप इंटरफेसवर (तिच्या आभासी वायरच्या होस्टकडच्या टोकावर) येतंय पण नेटवर्क कार्डातून बाहेर पडतच नाहीये. म्हणजे मधल्या मध्ये कोणीतरी गिळतंय.

आयपीटेबल्स (लिनक्सचा फायरवॉल) उघडलं. फॉरवर्ड चेनची (होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांची) पॉलिसी ड्रॉप, म्हणजे फेकून द्या. आणि शेजारचा आकडा दर सेकंदाला वाढतोय, माझेच पिंग तिथे मरत होते. डॉकर सुरू होताना आपल्या कंटेनरच्या सुरक्षेसाठी ही पॉलिसी ड्रॉपवर नेऊ शकतं, आणि ब्रिजचा ट्रॅफिक आयपीटेबल्समधून जाण्याची सोय कर्नलमध्ये चालू असेल तर व्हीएमची पॅकेटंही त्याच चाळणीत अडकतात. होस्टला स्वतःशी बोललेलं फॉरवर्ड करावं लागत नाही म्हणून तेवढं चालत होतं, एआरपी त्या चाळणीतून जातच नाही म्हणून तेही चालत होतं. डॉकरचं त्यात काही चुकलं नाही, ते आपलं काम करत होतं, आगाऊपणा माझा. एक नियम टाकून भागलं असतं, पण मी डॉकर काढलंच, पॉलिसी परत जागेवर आणली आणि ४ जीबीची एक व्हीएम बनवून सगळे डॉकर कंटेनर तिच्यात कोंबले. आता बॅकअपही एकाच व्हीएमचा घेतला की विषय संपतो, हा फायदा तर मी धरलाच नव्हता.

ती व्हीएम इतकी छान जमली की तिचाच टेम्प्लेट (साचा) केला आणि तीन क्लोन (प्रती) काढले, कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) खेळून बघायला. तिघांचे मॅक अ‍ॅड्रेस वेगळे, नावं वेगळी, आणि आयपी मात्र तिघांना एकच! एसएसएच (दुरून लॉगिन) केलं की कधी पहिलीत शिरतोय कधी तिसरीत. याचं कारण व्हीएमवर असलेल्या उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) नव्या व्हर्जनमध्ये आयपी मागताना मॅकवरून नाही तर मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख राउटरला दिली जाते, आणि ती आयडी ईटीसी फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये असते जी क्लोनबरोबर जशीच्या तशी आली. टेम्प्लेट करायच्या आधी ती फाइल रिकामी करायची, डिलीट नाही, रिकामी. पहिल्या बूटला प्रत्येक क्लोन आपली नवी आयडी बनवतो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण एक जुना लॅपटॉपही होता, म्हटलं दोन नोडचा क्लस्टर (दोन पेट्यांचा एक गट) करू, जमलाही. दोन दिवसांनी नवी व्हीएम सुरू करायला गेलो तर म्हणतं कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) नाही. चालू असलेल्या व्हीएम चालू, पण नवीन काही सुरू करता येईना की सेटिंग बदलता येईना. दोन नोड म्हणजे दोन मतं, बहुमताला दोन्ही लागतात, एक गेला की उरलेला एकटा काहीच ठरवू शकत नाही. आणि लॅपटॉप गेला कुठे होता? कुठेच नाही. त्यावर धूळ बसतेय म्हणून मी झाकण लावलं होतं आणि तो झोपला होता.

तात्पुरतं अपेक्षित मत एकवर आणून काम भागवलं. कोणीतरी सांगेल की तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस (बाहेरून फक्त मत देणारी सोय) लाव, हो बाबा, माहितीये. मी लॅपटॉप क्लस्टरमधून काढला, झाकण लावल्यावर झोपू नये अशी सेटिंग केली आणि आता तो फक्त रात्रीचे बॅकअप घेतो. झाकण लावूनच.